तेलखाऊंची बरदास्त

चि. मुक्ता,



तुझा निरोप वाचला आणि सोबतचा त्या पुडीचा फोटोही पाहिला. पेट्रोल पंपाच्या अंगाला असलेल्या विहिरीच्या पाण्याला पावसाळ्यापासून वास मारतोय, तुम्ही चौघींनी दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तीच विहीर धरली आहे, आणि कुणी एक विक्रेता तेल खाणाऱ्या जिवाणूंची भुकटी किलोच्या भावाने द्यायला तयार आहे. तुझा प्रश्न एका ओळीचा: "आत्या, यातला सगळ्यात चांगला जिवाणू कोणता?"

उत्तर लांबणार, कारण मला तुझा प्रश्नच बदलून घ्यायचा आहे. पण त्याआधी एक तंबी. वास घेऊन पाणी तपासण्याचा उद्योग आजपासून बंद. त्या वासात बेंझीन असतं आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो, यात आता कुणाला शंका नाही. विहिरीत कुणी उतरायचं नाही, काठावर काडी ओढायची नाही, मोटर सुरू करायची नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीच्या तोंडातून वर न येता खाली साठून राहते. ठिणगी मिळाली तर भडका उडतो, आणि नाही मिळाली तरी उतरणाऱ्याचा जीव कोंडतो. हे एवढं दादाला वाचून दाखव. तो तुला एकटीला तिकडे जाऊ देणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

आता जिवाणू. तेल खाणारे जिवाणू दुर्मीळ असतात अशी तुझी समजूत दिसते. क्लॉड झोबेल या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९४६ सालीच अशा जवळजवळ शंभर जातींचा आढावा घेतला होता. माणसाने तेलविहिरी खणायच्या कितीतरी आधीपासून समुद्राच्या तळातून आणि खडकाच्या भेगांतून तेल झिरपत आलेलं आहे, आणि जिथे खाणं आहे तिथे खाणारे येतातच. शिवाय झाडाच्या पानावर मेणाचा जो पातळ थर असतो, त्यातही लांब साखळीचे हायड्रोकार्बन असतात. पान गळून मातीत गेलं की ते मेण कुणीतरी संपवतंच. त्यामुळे परसातली मूठभर माती उचललीस तरी तिच्यात डिझेलवर जगू शकणारं कुणी ना कुणी सापडेल. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर ही नावं तू परीक्षेसाठी पाठ केलीच असशील. जमिनीत पेट्रोल मुरलं की बाकीची प्रजा गप्प होते आणि या मंडळींची संख्या आठवड्या-दोन आठवड्यांत कितीतरी पटींनी वाढते.

म्हणजे खाणारे आहेत, खाणंही आहे. मग विहिरीचा वास का जात नाही? तुझा प्रश्न हा असायला हवा.

तेल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. कार्बनच्या सरळ साखळीशी सहजासहजी कुणाची रासायनिक क्रिया होत नाही. जिवाणूचं एन्झाइम ऑक्सिजनचा एक अणू उचलून साखळीच्या टोकाला जोडतं, तेव्हा कुठे तिचं अल्कोहोल होतं, मग आम्ल होतं, आणि आम्ल झालं की पुढे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात. तू भातावर तूप घेतेस, त्याच्या मेदाम्लांचे तुकडे तुझ्या पेशींतही असेच पडतात. बेंझीनचं कडं फोडायचं तरी आधी त्यावर ऑक्सिजनच बसवावा लागतो. म्हणजे जिवाणूला ऑक्सिजन दोनदा लागतो, एकदा हत्यार म्हणून आणि एकदा श्वासासाठी.

आता वही उघड आणि एक हिशेब मांड. एक लिटर पेट्रोल भरतं सुमारे पाऊण किलो. त्याचं पूर्णपणे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करायचं, मग ते इंजिनात होवो की जिवाणूच्या पोटात, तर सुमारे अडीच किलो ऑक्सिजन लागतो. (थोडं पेट्रोल जिवाणूंच्या अंगी लागतं, तेवढं सध्या सोडून देऊ.) विहिरीच्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो लिटरमागे फार तर आठ मिलिग्रॅम. भाग दे. एक लिटर पेट्रोल संपवायला तीन लाख लिटरहून जास्त पाण्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो. दहा हजार लिटरचे तीसहून अधिक टँकर झाले. आणि हाच अडीच किलो ऑक्सिजन हवेतून घ्यायचा ठरवला तर? नऊ घनमीटर हवा पुरते. तुझ्या खोलीत त्याहून जास्त हवा असते.

हा हिशेब कळला की या धंद्यातल्या निम्म्या क्लृप्त्या तुझ्या तुला सुचतील. पेनसिल्व्हेनियातल्या ॲम्बलर गावी पेट्रोलच्या नळातून गळती झाली होती. सन ऑइल कंपनीतले रिचर्ड रेमंड यांनी १९७२ साली तिथे विहिरींत हवा सोडली आणि पाण्यात नत्र-स्फुरदाची खतं मिसळली. जिवाणू बाहेरून आणले नाहीत. जागेवरच्या जागी भूजल साफ करण्याचा हा पहिला जाणता प्रयोग मानतात आणि १९७४ साली त्यांना त्याचं पेटंटही मिळालं. पुढे लोकांच्या लक्षात आलं, की पाण्याच्या पातळीच्या वरच्या कोरड्या थरात तर नुसती हवा हळूहळू ढकलली तरी काम होतं. त्याला बायोव्हेंटिंग म्हणतात. हवा जोरात ओढली तर पेट्रोलची वाफ निघून वातावरणात जाते आणि आपण जमिनीची घाण आकाशात टाकून मोकळे होतो. म्हणून झोत मंद ठेवायचा. पातळीच्या खाली बारीक बुडबुडे सोडण्याचीही रीत आहे. कुणी हायड्रोजन पेरॉक्साइडही ओतून पाहिलं, पण ते मातीत शिरताच फसफसून विघटित होतं आणि महागही पडतं. मला तो प्रकार कधी पटला नाही.

तेल वरवरच्या मातीत असेल तर काम आणखी सोपं. ती खणून प्लास्टिकच्या जाड कागदावर वीतभर थरात पसरायची, ओल राखायची, खत द्यायचं आणि अधूनमधून नांगराची पाळी द्यायची. आजोबा वाफसा आल्याशिवाय शेतात पाय टाकू द्यायचे नाहीत, ते तू लहानपणी पाहिलंयस. तेल खाणाऱ्यांनाही वाफसाच लागतो. माती कोरडी ठणठणीत असेल तर ते निपचित पडतात, चिखल असेल तर गुदमरतात.

खताचं सांगते. पेट्रोलात कार्बन रगड, पण नत्र आणि स्फुरद जवळपास नाहीच, आणि ते नसतील तर नव्या पेशी बांधायच्या कशाच्या? ढोबळ मानाने शंभर भाग कार्बनला दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद, असं प्रमाण धरून सुरुवात करतात. पण म्हणून विहिरीत युरियाची गोणी रिकामी करायला जाऊ नका. आपल्याकडे खतांमुळे कित्येक विहिरींत नायट्रेट आधीच जास्त आहे आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. आधी पाणी तपासा. नत्र भरपूर निघालं तर बाहेरून घालायची गरजही उरणार नाही.

खतावाचून कुठे खरंच अडलेलं असतं, त्याचा दाखला अलास्कात आहे. २४ मार्च १९८९ रोजी एक्झॉन व्हॅल्डीज हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी किनारे धुतले, तेव्हा तेलाबरोबर किनाऱ्यावरची जिवंत सृष्टीही बरीच मेली. मग खतं टाकली. उघड्या गोट्यांच्या किनाऱ्यावर हवा मुबलक होती आणि कमतरता नत्राची होती, म्हणून खत लागू पडलं. काही जागी तेल संपण्याचा वेग पाचपटीपर्यंत वाढला. तेल खरंच संपलं की लाटांनी वाहून गेलं, हे ओळखलं कसं? कच्च्या तेलात होपेन नावाचं एक संयुग असतं. ते प्राचीन जिवाणूंच्या पेशीपटलातून उरलेलं आहे आणि आजच्या जिवाणूंना ते सहसा पचत नाही. होपेन तेवढंच राहून बाकीची द्रव्यं घटली तर ती खाल्ली गेली. सगळंच सारख्या प्रमाणात घटलं तर वाहून गेलं. करोडो वर्षांपूर्वीच्या जिवाणूंनी आजच्या जिवाणूंच्या कामाला माप पुरवावं, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा भारी वाटलं होतं, आजही वाटतं. त्याच किनाऱ्यांवर गोट्यांच्या खाली, जिथे हवा पोचत नाही अशा कप्प्यांत, वीस वर्षांनंतरही तेल सापडत होतं.

पण किनारा वेगळा आणि भूजल वेगळं. विहिरीच्या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी या गावाने, तेही इथे बसून, शोधनिबंध वाचून. २० ऑगस्ट १९७९ रोजी गावाबाहेर कच्च्या तेलाच्या नळाची वेल्डिंगची शिवण उसवली आणि सतरा लाख लिटर तेल बाहेर आलं. बरंच उपसलं, काही जाळलं, भिजलेली माती उचलून नेली. तरी चार लाख लिटरच्या आसपास तेल वाळूत उरलं आणि खालच्या पाण्यावर जाऊन तरंगत बसलं. १९८३ पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने ती जागा अभ्यासाला घेतली. तेल हलतं कसं, विरघळतं कसं, त्याला कोण खातं, हे शेकडो भोकं पाडून वर्षानुवर्षं मोजत राहायचं, असं ठरलं. इतका संयम सरकारी खात्यात सापडतो यावर तुझा विश्वास बसणार नाही.

तिथे काय दिसलं ते नीट वाच. तेलाजवळच्या पाण्यातला ऑक्सिजन केव्हाच संपला होता, तरी जिवाणू थांबले नव्हते. ऑक्सिजन नसेल तर काही जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात. तेही संपलं की मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की मिथेन तयार करणारे पुढे येतात. या प्रत्येक पायरीवर मिळणारी ऊर्जा कमी होत जाते आणि कामही मंदावतं. बेमिजीच्या वाळूच्या कणांवर गंजाचा तांबूस लेप होता. जिवाणू त्या घन गंजाला आपले इलेक्ट्रॉन देत होते आणि त्या जोरावर टोल्युइनसारखी द्रव्यं खात होते. गंजावर जगणारा असा एक जिवाणू, जिओबॅक्टर, डेरेक लव्हली यांना वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या गाळात १९८७ साली सापडला होता. हवेशिवाय, गंजाच्या आधाराने, तेलातली विषारी द्रव्यं जमिनीखाली नाहीशी होतात, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली मांडलं. त्याच्या आधी बहुतेकांचा समज होता की हवा नाही तिथे बेंझीनच्या कुळाला कुणी हात लावत नाही.

परिणाम असा, की १९९६ सालापर्यंत, म्हणजे सतरा वर्षांत, तरंगतं तेल पुढे सरकलं होतं चाळीसेक मीटर, आणि त्यातून विरघळून निघालेल्या द्रव्यांचा पट्टा दोनशे मीटरच्या आसपास. पाणी स्वतः त्याहून बरंच पुढे गेलं होतं. म्हणजे पट्ट्याच्या कडेवर खाणारे बसले होते आणि मधून येणारा माल जवळपास तिथल्या तिथे संपत होता. खोल तेलात तयार झालेला मिथेनसुद्धा वर येता येता मिथेन खाणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंच्या तावडीत सापडत होता. जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजून खाली किती तेल खपतंय याचा अंदाज बांधण्याची रीतही तिथेच घोटली गेली.

हे वाचून पुष्कळ कंपन्यांना आनंद झाला. काही न करता नुसतं मोजत बसायचं आणि त्याला 'नैसर्गिक घट' म्हणायचं! काही ठिकाणी ते खरोखर योग्य असतं. पण बेमिजीचा उरलेला अर्धा भाग कुणी सांगत नाही. गंज हा न संपणारा साठा नाही. तो जवळून संपत गेला तसा पट्टा हळूहळू पुढे सरकत राहिला. गंजाला चिकटून बसलेलं आर्सेनिक, गंज विरघळल्यावर पाण्यात सुटलं आणि अमेरिकेतल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर गेलं. अर्धवट पचलेल्या द्रव्यांचा पट्टा मूळ बेंझीनच्या पट्ट्यापेक्षा लांब निघाला, आणि ती द्रव्यं नेहमीच्या चाचणीत दिसतही नाहीत. आणि तेल? १९९९ नंतर पुन्हा पंप लावून उपसलं. बरंच निघालं, बरंच राहिलं.

वाट पाहत बसणं कधी परवडत नाही, त्याचाही हिशेब करून ठेव. आपल्याकडच्या पेट्रोलात एक टक्क्यापर्यंत बेंझीन चालतं. म्हणजे लिटरमागे सुमारे नऊ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे लिटरला दहा मायक्रोग्रॅम. एका लिटर पेट्रोलातलं बेंझीन सगळं पाण्यात उतरलं, तर नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवतं. पट्ट्याच्या वाटेत प्यायची विहीर असेल तर निसर्गाला वेळ द्या म्हणणाऱ्याने ते पाणी आधी स्वतः प्यावं.

असंच एक गाव साउथ कॅरोलिनातलं हॅनाहॅन. १९७५ साली तिथल्या इंधनसाठ्यातून सुमारे तीन लाख लिटर विमानाचं इंधन गळलं, आणि १९८५ पर्यंत त्यातली विषारी द्रव्यं भूजलाबरोबर शेजारच्या वस्तीपर्यंत आली. मातीतले जिवाणू काम करत होते, पण वस्ती गाठली जायच्या आत संपवण्याइतका वेग नव्हता. १९९२ साली चरांतून पोषणद्रव्यं जमिनीत मुरवली आणि पुढच्या बाजूला उपसा विहिरी घेऊन दूषित पाणी ओढून काढलं. १९९३ च्या अखेरीस वस्तीखालचं प्रदूषण पंचाहत्तर टक्क्यांनी उतरलं. जिवाणूंना खाऊ घाला आणि पंपही चालू ठेवा, असा दोन्ही हातांचा उपाय होता तो. मला बेमिजीपेक्षा हॅनाहॅन जास्त शहाणं वाटतं.

आता तुझी पुडी. तुझ्या पुस्तकात आनंद मोहन चक्रवर्तींचं नाव असणारच. बीरभूम जिल्ह्यात जन्मलेला हा बंगाली शास्त्रज्ञ अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत होता. तेलातली वेगवेगळी द्रव्यं खाण्याची क्षमता वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर, म्हणजे जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यांवर, असते. ती प्लाझ्मिडं त्यांनी एकाच स्यूडोमोनासमध्ये आणून बसवली आणि पेटंट मागितलं. जिवंत वस्तूवर पेटंट देता येतं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी ते जिंकले. जैवतंत्रज्ञानाचा सगळा बाजार त्या निकालावर उभा राहिला. तो जिवाणू मात्र तेलगळतीवर कधी सोडला गेला नाही. प्रयोगशाळेतला पैलवान रानात जाऊन टिकेलच असं नाही. तिथले स्थानिक त्याला जागा देत नाहीत. अलास्कातही बाजारातल्या जिवाणूंच्या दोन तयार उत्पादनांची किनाऱ्यावर चाचणी झाली होती. शेजारच्या नुसतं खत घातलेल्या पट्ट्यांपेक्षा त्यांत लक्षणीय फरक दिसला नाही.

म्हणून पुड्या सरसकट खोट्या असतात असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या टेरी संस्थेने 'ऑइलझॅपर' बनवलं आहे: अनेक जिवाणूंचा एकत्र संघ, दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसाच्या भुकटीवर बसवलेला. तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या खड्ड्यांत साचलेल्या गाळावर ते वापरतात. तो गाळ इतका दाट आणि विषारी असतो की स्थानिक प्रजा मूठभरही नसते. तिथे बाहेरून भरती करण्यात अर्थ आहे. पण तिथेही माती मिसळणं, ओल, खत आणि नांगरणी सुटत नाही. तुमच्या विहिरीखाली तशी स्थिती आहे का? पावसाळ्यापासून पेट्रोल मुरतंय म्हणजे खाणाऱ्यांची गर्दी केव्हाच झाली असेल. त्यात आणखी पाव किलो पाहुणे ओतून काय होणार?

आणि बेमिजी काय, हॅनाहॅन काय, दोन्हीकडे जमीन वाळूची. वाळूत पाणी सारखं पसरतं, हवा आणि खतही पसरतं. आपलं महाराष्ट्राचं बहुतेक अंग बेसाल्टचं. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. पाणी साठतं ते मुरमात आणि कातळाच्या सांध्यांत. ओल्या काळ्या मातीतून हवा जात नाही आणि उन्हाळ्यात ती भेगाळली की पेट्रोलला थेट खाली वाट मिळते. कातळात ते कुठल्या सांध्याने कुठे जाईल याचा नेम नसतो: पन्नास फुटांवरची विहीर स्वच्छ आणि तीनशे फुटांवरचं बोअर नासलेलं, असं होऊ शकतं. वाळूतली कृती जशीच्या तशी इथे उतरवणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आपल्या बाजूने एक गोष्ट आहे, ती म्हणजे ऊब. बेमिजीचं भूजल गारठलेलं असतं. आपलं पंचवीस अंशांच्या आसपास, आणि जिवाणूंना ते मानवतं.

पाण्याची पातळीही आपल्याकडे वर्षभरात कित्येक मीटर वरखाली होते. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसं तरंगतं पेट्रोलही उतरतं आणि वाटेतल्या मुरमाला माखत जातं. पावसाळ्यात पाणी चढतं आणि ते माखलेलं सगळं बुडवून टाकतं. वास पावसाळ्यात सुरू झाला म्हणजे गळतीही पावसाळ्यात सुरू झाली, असं त्यावरून ठरत नाही. म्हणून एकदाच नमुना घेऊन निष्कर्ष काढू नका. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या.

आणखी एक भानगड अलीकडची. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाण्यात झटकन विरघळतं आणि जिवाणूंना ते फार आवडतं. ताटात श्रीखंड आणि कारल्याची भाजी दोन्ही वाढली तर तू लहानपणी काय करायचीस? तेच ते करतात. आधी इथेनॉल, आणि ते संपवताना पाण्यातला ऑक्सिजनही संपवतात. बेंझीन तसंच पुढे वाहत राहतं. त्यामुळे बेंझीनचा पट्टा लांबतो, हे परदेशातल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. उसाला भाव मिळाला याचा आनंद मलाही आहे, पण पंपाच्या जुन्या टाक्या आता दुप्पट काळजीने तपासायला हव्यात.

टाकीवरून आठवलं. गळती चालू असेल तर वरचं सगळं व्यर्थ. सरपंचांकडून लेखी तक्रार जाऊ दे, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे. पंपांच्या टाक्यांचे परवाने पाहणाऱ्या केंद्राच्या पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय तर नागपुरातच आहे. टाकीची चाचणी हे त्यांचं काम, तुमचं नाही. तोवर ती विहीर पिण्याला, स्वयंपाकाला आणि जनावरांना बंद. पाणी उकळून चालेल असं कुणी म्हणालं तर त्याला सांग, की उकळताना बेंझीन स्वयंपाकघराच्या हवेत येतं.

तुमचं काम वेगळं. विहिरीचं आणि पंपाच्या वरच्या अंगाच्या एखाद्या स्वच्छ विहिरीचं पाणी घ्या, पण नमुने काढायला भूजलवाल्यांचा माणूस सोबत हवा. दोन्हींत विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, विरघळलेलं लोह आणि सल्फेट मोजा. वासाच्या विहिरीत ऑक्सिजन आणि नायट्रेट घसरलेलं आणि लोह चढलेलं दिसलं, तर खाली जेवणं चालू आहेत असं समजायला जागा आहे. नुसतं बेंझीन कमी झालं यावर भाळू नका. पावसाच्या पाण्याने ते पातळही होतं आणि हवेत उडूनही जातं. बेंझीनची चाचणी कॉलेजात होणार नाही, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या.

मग प्रयोगशाळेत पाच बाटल्या लावा, पेट्रोल न वापरता थोड्या डिझेलवर, आणि बाई समोर असताना. पंपाच्या बाजूची माती पाचही बाटल्यांत सारखी. पहिली ऑटोक्लेव्ह करून मारलेली, म्हणजे जिवाणूंशिवाय किती डिझेल उडतं ते कळेल. दुसरी नुसती, तिसरीला हवा, चौथीला हवा आणि खत, पाचवीला हवा, खत आणि विक्रेत्याची भुकटी. प्रत्येकीच्या तीन-तीन प्रती करा, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या निवळीत धरून दर आठवड्याला मोजा. भुकटी किलोभर घेऊ नका, पाचव्या बाटलीपुरती चमचाभर नमुना म्हणून मागा. आणि त्याने नमुना द्यायला नकार दिला तर तेही अहवालात लिहा.

आकडे आले की मला पाठव. आईला नमस्कार सांग.

तुझी,
नंदाआत्या